पिवळ्या गाडीवरचा ऑन

१ जानेवारी, गुरुवार

सूतगिरणीवाल्यांनी यंदाही डायरी पाठवली. दर वर्षी मी तिच्यात सुताचे भाव लिहिते आणि मार्चनंतर ती दुधाच्या हिशेबाला जाते. यंदा निदान पहिलं पान तरी नीट भरावं म्हणून बसले. नाव, वैजयंती चन्नवीर बिराजदार. व्यवसाय, टॉवेलचा कारखाना, चिंचोळी एमआयडीसी. कारखाना यांचा, सुताची खरेदी माझी. रक्तगट माहीत नाही. वाहन परवाना आहे, पण मी गाडी चालवत नाही. शेजारी बसून चालवणाऱ्याला चालवते, असं हे म्हणतात.

हे म्हणजे माझे यजमान. वय सत्तावन्न. आज जेवताना म्हणाले, "मी एक गाडी घेतोय. परदेशी. पिवळी. दोन सीटची."

"आणि ऋतुजा आली म्हणजे?" ऋतुजा आमची मुलगी, लग्न होऊन बेंगळुरूला असते.

"ती मागनं रिक्षानं येईल की."

किंमत ऐकून मी भाकरी खाली ठेवली. दोन कोटी. कारखान्याला परवडेल, तो प्रश्न नाही. दहावीत असताना यांनी हैदराबाद रस्त्यावर तसली एक गाडी पंक्चर होऊन उभी असलेली पाहिली होती. मालकाने यांना पाच मिनिटं आत बसू दिलं होतं. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकते आहे. एवढ्या वर्षांत त्या पाच मिनिटांची दहा झाली आहेत.

६ जानेवारी, मंगळवार

पुण्याच्या शोरूममधून इंद्रजीत नावाच्या मुलाचा फोन आला. यांनी त्याला सांगून ठेवलंय की पैशाचं बोलणं मॅडमशी करायचं. आवाज गोड, मराठी अर्धं.

"मॅडम, या गाड्या मोजक्याच येतात. आज सरांचा नंबर लावला तर चौदा महिने लागतील. पण एक गाडी फेब्रुवारीत येतेय, पिवळीच. ती हवी असेल तर प्रायॉरिटी पॅकेज घ्यावं लागेल."

"म्हणजे ऑन. किमतीच्या वरचे पैसे."

"आम्ही त्याला ऑन म्हणत नाही, मॅडम."

"आम्ही म्हणतो. किती?"

"तीस लाख."

"बिल?"

"ॲक्सेसरीजचं देऊ की. फुटमॅट, कव्हर, कोटिंग."

तीस लाखांची फुटमॅट! तेवढ्यात मी अख्ख्या सोलापूरला पायपुसणी वाटीन.

यांना सांगितलं तर म्हणाले, "देऊन टाक." नुसतं "देऊन टाक." लहान मूल फुगा मागतं तसं. मी म्हटलं, चौदा महिने थांबायला काय झालं? हे म्हणाले, "थांबायचं नाही मला." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी "बघते" म्हटलं. आमच्या घरात "बघते" म्हणजे नाही.

१४ जानेवारी, बुधवार

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत यांचे जुने स्नेही धुळाप्पा भेटले. दोन्ही हात जोडून यांच्या डावीकडे उभे होते, आणि हे सरळ पुढे निघून गेले. मी थांबून बोलले म्हणून निभावलं. धुळाप्पा म्हणाले, "दोन कोटींची गाडी घेणाऱ्याला आता आमी कुठं दिसणार वहिनी?" म्हणजे गावभर झालंच. गाडी अजून आलीही नाही आणि माणूस बदलला. मला शरम वाटली.

घरी येऊन यांना झापलं. हे म्हणाले, "दिसला नाही गं." मी म्हटलं, सहा फुटाचा माणूस दिसला नाही?

२२ जानेवारी, गुरुवार

यांचं लक्ष कशातच नाही. परवा जेवताना विचारलं, "शेंगाचटणी नाही वाढलीस?" ताटातच होती, डाव्या बाजूला. काल फाटकातून गाडी आत घेताना डावा आरसा खांबाला घासून मोडला. तीस वर्षं त्याच फाटकातून जातायत. संध्याकाळी पाचलाच कारखान्यातून घरी येतात आणि अंधार पडायच्या आत दिवे लावा म्हणतात. पिवळ्या गाडीचंच खूळ डोक्यात, दुसरं काय.

एक मात्र सुधारणा आहे. मी शेजारी बसून "सायकल आली", "डावीकडे बघा" असं म्हटलं की यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "मला डोळे आहेत." हल्ली तसं म्हणत नाहीत. ऐकतात. पन्नाशी उलटल्यावर का होईना, माणूस वळणावर आला.

मंगळवारी गौसला घेऊन पुन्हा पुण्याला गेले. गौस आमचा ड्रायव्हर, अठरा वर्षं आहे. दर मंगळवारी शोरूममध्ये जाऊन काय करतात कोण जाणे. सोन्याच्या दुकानात बायका बसतात तसं बसत असतील.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज निकाल लावला.

इंद्रजीतचा फोन आला, "मॅडम, गाडी बंदरात उतरली. पॅकेजचं आज कन्फर्म करा, दुसरी एक पार्टी बसून आहे."

दुसरी पार्टी नेहमीच बसून असते. गिरणीवाल्यांचीही असते. सूत घ्यायला लागले तेव्हा सासऱ्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. बाजार तापला की उठायचं नाही. चहा घ्यायचा. फोन वाजू द्यायचा. आठवड्यात विकणारा आपल्या दारात येतो आणि भाव त्याच्याच तोंडाने उतरवतो. गरजवंताला अक्कल नसते, म्हणून आपण गरजवंत दिसायचं नाही. या एका गोष्टीवर कारखाना उभा आहे.

मी सांगितलं, "ऑन मिळणार नाही. आमचा नंबर लावा, आम्ही थांबू."

"सर हो म्हणाले होते, मॅडम."

"सरांनी पैशाचं माझ्याशी बोलायला सांगितलंय ना?"

त्याने फोन ठेवला. पोरगं अजून कच्चं आहे. पंधरा दिवसांत वीसवर येईल, महिन्यात दहावर. मग बघू.

जेवताना यांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. हे घास हातात धरून बसले.

"चौदा महिने म्हणजे पुढच्या वर्षी एप्रिल."

"होय."

बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "बरं." आणि जेवण तसंच ठेवून उठले. ताट ढकलायची सवय यांना नाही. उठताना खुर्चीला अडखळले. रुसवा, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, बुधवार

अजून रुसवा आहे, पण भलताच. ओरडत नाहीत, टोमणे नाहीत. संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसतात आणि सूर्य बुडेपर्यंत पश्चिमेकडे बघत राहतात. मी चहा नेला, बाजूला उभी राहिले, तरी मान वळवली नाही. कप हातात दिल्यावर दचकले. मी म्हटलं, एवढं काय त्या गाडीत? तर म्हणाले, "काही नाही गं. बस थोडा वेळ."

बसले. टॉवेलच्या ऑर्डरीचं बोलले. त्यांना रंगाच्या नव्या नमुन्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "हे आता तूच बघत जा." मी म्हटलं, रुसवा कारखान्यावर काढू नका.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

इंद्रजीत वीसवर आला नाही. फोन मीच केला, सहज म्हणून. गाडी गेली म्हणाला. टेंभुर्णीचे कुणी जोतीराम, ट्रान्सपोर्टवाले, त्यांनी त्याच दिवशी पूर्ण ऑन भरला आणि मागच्या आठवड्यात गाडी नेली. "तुमचा नंबर लागलाय मॅडम, पण आता सोळा महिने धरा."

दुसरी पार्टी खरंच बसून होती तर. असो. टेंभुर्णीच्या रस्त्यावर ती गाडी घेऊन तो माणूस काय करणार देव जाणे. तीस लाख वाचले, ते खरं. यांना सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी हे पुण्याला निघाले. गाडी तर टेंभुर्णीला गेली, मग शोरूममध्ये कशाला? मला विचित्र वाटलं. परत आले ते सहाच्या सुमारास. हे आत जाऊन झोपले. मी गौसला स्वयंपाकघरात बोलावून चहा दिला आणि सरळ विचारलं, "शोरूममध्ये काय करतात रे?"

तो कपाकडे बघत राहिला.

"भाभी, शोरूमला एकदाच गेले. डिसेंबरात."

"मग दर मंगळवारी कुठं?"

"सायबांनी कसम दिली हाय."

"अठरा वर्षं माझ्या हातचा चहा पितोयस, गौस."

मग बोलला. डोळ्यांचा दवाखाना. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, आणि लई उशिरा कळलं. बाजूचं आधीच गेलंय, रात्रीचं तर दिसतच नाही. आता नुसतं समोरचं राहिलंय, तेही आवळत चाललंय. "डॉक्टर बोलले, समोरचं सा-आठ महिने चांगलं ऱ्हाईल, मग सांगता येत न्हाई. गर्दीत, रात्री बिलकुल गाडी चालवायची न्हाई बोलले. साब बोलले, मोकळ्या रस्त्यावर, सकाळच्याला? डॉक्टर हसले, बोलले शेजारी डोळेवाला माणूस बसवा."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"बोलले, तिला कळलं तर गाडी घेऊ देणार न्हाई. आणि घेतली तर हात लावू देणार न्हाई." गौसने कप ठेवला. "भाभी, ते वरचे पैसे देऊन टाकायला पायजे होते."

धुळाप्पा डावीकडे उभे होते. चटणी डावीकडे होती. आरसा डावा. मी सगळं पाहिलं आणि सगळ्याला नाव चुकीचं ठेवलं. बाजारात समोरच्याची गरज मला वासावरून कळते, आणि घरात ताटाला ताट लावून बसणाऱ्याची कळली नाही. मला माझा इतका राग आला की मी नळ सोडून भांडी घासत बसले. भांडी घासलेलीच होती.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सूत किलोमागे चार रुपये उतरलं. घेतलं नाही. फोन उचलला नाही.

यांच्या उजव्या-डाव्या बाजूने जाऊन बघितलं. खरंच दिसत नाही. समोर गेले तर हसून म्हणाले, "काय शोधतेस?"

इंद्रजीतला फोन केला. म्हटलं, तीस काय, पस्तीस देते. तो म्हणाला, मॅडम, गाडीच नाही. आवाज गोडच होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गौसला घेऊन टेंभुर्णीला गेले. यांना सांगितलं, सुताच्या पार्टीकडे जाते.

जोतीरामांचा पत्ता हायवेवर कुणीही सांगतं. अंगणात सोळा चाकांचे दोन ट्रक आणि त्यांच्या मधोमध ताडपत्रीखाली ती. पन्नाशीचा गडी, पांढरा शर्ट, हातात पितळी तांब्या. मी आल्याचं कारण सांगितलं.

"गाडी इकायची न्हाय, ताई." मग ताडपत्री वर करून म्हणाला, "पर काय सांगू. लई खाली हाय. आमच्या गल्लीच्या स्पीडब्रेकरला पोट घासतंय. दोनदा फळ्या टाकून काढली. पोरं फोटू काढत्यात, मी आपला बसून ऱ्हातो. आमची ही म्हनती, हिच्यात मला बसवायचं तर आदी क्रेन आना."

म्हणजे माणूस अडकला होता. दोन महिने ताडपत्रीखाली ठेवली की बिनऑनची विकेल, कदाचित तोट्यातही. एरवी मी "बरं, बघा मग" म्हणून उठले असते.

"किती घ्याल?"

त्याने माझ्याकडे, मग गौसकडे बघितलं. "मला तीस ऑन बसला. वर धा. चाळीस."

"दिले."

तांब्या खाली ठेवला त्याने. "म्हंजे?"

"चाळीस दिले. मूळ किंमत आणि वर चाळीस. आज."

मला वाटलं खूश होईल. तो उठून उभा राहिला. ताडपत्री पुन्हा उचलून त्याने गाडी चहूबाजूंनी बघितली. वाकून खालून बघितली. मग माझ्यासमोर येऊन बसला.

"ताई, माझ्या गाडीत आसं काय हाय, जे मला ठाव न्हाय आन् तुमाला हाय?"

"काही नाही."

"मग घासाघीस का करंना? मी चाळीस म्हनलो ते तेत्तिसाला यायला. तुमी सुताच्या धंद्यातल्या. मानूस चाळीस म्हनला की चाळीस देतंय, आसं मी बगितलं न्हाय. आसा येव्हार मला पचत न्हाय."

तो खरंच द्यायला तयार नव्हता. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाला घाबरला होता. मीही घाबरले असते. तेव्हा मला सांगावं लागलं.

"यांचे डोळे जाणार आहेत. सहा महिने आहेत. ही गाडी त्यांना मी मिळू दिली नाही. हीच, तुमच्या ताडपत्रीखालची."

हे वाक्य मी तोवर कुणालाही म्हटलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. एका अनोळखी माणसाच्या अंगणात, दोन ट्रकांच्या मध्ये म्हटलं, आणि रडले. गौस तोंड फिरवून उभा राहिला.

जोतीरामने आत हाक मारून चहा सांगितला. चहा पिऊन म्हणाला, "येव्हार म्हंजे येव्हार, ताई. चाळीस म्हनलो, चाळीस घेनार."

"घ्या."

"पर गाडी आजच न्या. कागद मागनं होत ऱ्हातील. स्पीडब्रेकरवरनं मी काढून देतो, माझ्या ट्रकात चढवून. तिचं पोट आता घासायला नको."

संध्याकाळी त्याचा ट्रक चिंचोळीला आला. त्यातून गाडी उतरवताना जोतीराम स्वतः खाली वाकून बघत होता. जाताना म्हणाला, "सायबांना सांगू नका, मी चाळीस घेतलं म्हनून. शिव्या घालतील." मी सांगणार नाही म्हटलं.

१ मार्च, रविवार

सकाळी सातला यांना म्हटलं, कारखान्यात चला, बॉयलरचं बघायचंय. रविवारी बॉयलर बंद असतो, पण हे काही बोलले नाहीत.

आमचा वॉचमन राजेसाब, त्याने मागच्या गोदामात लपवलेली गाडी रात्रीच बाहेर काढून, धुऊन चाकांखाली लिंबं ठेवली होती. कोवळं ऊन थेट तिच्यावर पडलं होतं. फाटकातून आत गेल्यावर ती अगदी समोर होती, म्हणून यांना लगेच दिसली.

"कुणाची?"

"तुमची. टेंभुर्णीच्या माणसाला नको झाली."

हे तिच्याभोवती फिरले, एक हात तिच्यावरून फिरवत. मागच्या बाजूला गेल्यावर दिसेनासे झाले आणि जरा वेळ तिथेच थांबले. मग येऊन बसले. मी शेजारी बसले. बसले कसली, खड्ड्यात उतरले. लिंबं फुटल्याचा आवाज आला आणि आम्ही निघालो.

एमआयडीसीचा रस्ता रविवारी सकाळी मोकळा असतो. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना बंद फाटकं. गाडीचा आवाज पोटात लागत होता. हे हळू चालवत होते, इतकं हळू की एक मोपेडवाला आम्हाला मागे टाकून वळून वळून बघत गेला. मी नेहमीसारखी बोलत होते. डावीकडे कुत्रं. उजवीकडून टेम्पो निघतोय. डावीकडे मजूर चाललेत, अंतर ठेवा. हे "हं" म्हणत होते आणि तेवढंच चाक वळवत होते. दुसऱ्या फेरीला जरा वेग घेतला. दात दिसत होते. दहावीतला मुलगा मी कधी पाहिला नव्हता, तो आज पाहिला.

तिसऱ्या फेरीनंतर कारखान्यासमोर गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं.

"टेंभुर्णीवाल्यानं किती ऑन घेतला?"

त्याला शब्द दिला होता. पण तोंडातून निघून गेलं, "चाळीस."

"आणि आधी सांगितला किती होता?"

"चाळीस."

हे पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं मी भाजीवाल्याकडूनही सांगितल्या भावाने काही घेतलेलं नाही, हे यांना माझ्याइतकंच माहीत आहे. चाकावरचा हात काढून माझा हात शोधला. पहिल्यांदा हुकला, मग सापडला.

"गौसनं सांगितलं?"

"मी विचारलं म्हणून. त्याला बोलू नका."

"नाही बोलत." हात तसाच होता. मला बोलायचं होतं की चुकले, महिना वाया घालवला. पण यांनीच आधी तोंड उघडलं.

"आणखी एक फेरी मारू," हे म्हणाले. "तू बोलत राहा."

मी डोळे पुसले आणि बाहेर बघितलं. "डावीकडे राजेसाब उभा आहे," मी म्हणाले. "हात करतोय तुम्हाला."

यांनी डावीकडे हात केला.